बिनधुराचा विस्तव

साजपाण्यात विस्तव विझवत नाहीत. निजवतात.

कॅनचं झाकण उघडल्यावर पहिले दोन श्वास खरे. तिसऱ्या श्वासाला वास दुधाचा राहत नाही, आजूबाजूच्या हवेचा होतो.

मे महिन्यात दुपारी तीनला पिंप्राळ्यातला कावळा चोच उघडी ठेवून बसतो. आवाज करत नाही.

गॅससाठी नंबर लावला तेव्हा पोर पोटात होती. टाकी घरी आली तेव्हा तिने टाकीवर खडूने स्वतःचं नाव लिहिलं.

अस्वल जवळ असलं तर ओल्या गोणपाटासारखा वास येतो. वाघाचा वास येतो तो शिजत्या भातासारखा, असं म्हणतात. तो कुणी घेऊन परत आलेलं नाही.

‘हे बटण असं दाबून फिरवायचं. बंद करताना उलटं. करून दाखवा, आई.’ करून दाखवलं. पुन्हा एकदा. पुन्हा करून दाखवलं.

लाइट गेली.

धनी दारात उभी होती आणि आत येत नव्हती.

तिच्या नवऱ्याला, गेंदाला, दिसलं ते एवढंच. साडेतीन वाजले असतील. लाइट एक वाजताच गेली होती, कूलर गप्प झाला होता, त्याच्या जाळीतला वाळा अर्ध्या तासात वाळून कडक झाला होता. डेअरीतून पहाटपाळी करून आलेला गेंदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी शहाबादी फरशीवर उघड्या पाठीने पडला होता, कारण घरात तेवढीच जागा गार होती. जाग आली तेव्हा डोकं जड झालेलं. जीभ कोरडी. चहा टाकावा म्हणून तो उठला, शेगडीमागच्या फळीवरून काडेपेटी घेतली, काडी काढली. काडी उलटी आली हातात. ती सरळ करताना त्याने सहज दाराकडे पाहिलं आणि धनी दिसली. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, मान जराशी वर, नाकपुड्या रुंद. शिवणाच्या दुकानातून आलेली, खांद्यावर पिशवी, आणि उभी मात्र अशी की पाणवठ्यावर जनावर थबकावं. ‘गेंदा,’ ती म्हणाली, आवाज अजिबात न चढवता, ‘ती काडी खाली ठेव. पेटी पण ठेव. कशाला हात लावू नको. तू फक्त बाहेर ये.’

लग्नाला दहा वर्षं झाली होती. रानातल्या गावी, साजपाण्यात, आणि आश्रमशाळेत दोघं एकमेकांना ‘तू’च म्हणत. जळगावच्या कडेला पिंप्राळ्यात घर घेतल्यावर शेजारच्या पार्वताबाईंचं ऐकून धनीने ‘अहो’ उचललं होतं, आणि गेंदाला ते सुरुवातीला कुणा दुसऱ्याला मारलेल्या हाकेसारखं वाटे. मग सवय झाली. आता हा ‘तू’ मध्येच कुठून आला, याचंच त्याला नवल वाटलं. तेवढ्या नवलात त्याने काडी ठेवली, पेटी ठेवली, आणि तो बाहेर आला. धनीने छाती भरून श्वास घेतला, तोंडावर पदर धरला, आत गेली. टाकीचं बटण पिळल्याचा आवाज आला, मग एकेक खिडकी उघडल्याचा. ती बाहेर आली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पायरीवर बसली. पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, ‘गॅस. सगळं घर भरलंय गॅसने.’

गेंदाने हवा ओढली. हवा गरम होती. बाकी काही नव्हतं.

पार्वताबाई आपल्या ओट्यावरून म्हणाल्या, ‘मलाही मघापासून येत होता हो वास. मी म्हटलं गटारीचा असेल, काल उपसली ना.’ आणि मग त्यांनी ती गोष्ट विचारली, जी आता येणारच होती. ‘पण भाऊ घरातच होते ना? त्यांना नाही आला?’

‘झोप लागली होती,’ गेंदा म्हणाला.

हे अर्धं खरं होतं. झोप लागली होती. पण जाग आल्यावर तो पाच मिनिटं तरी त्या घरात हिंडला होता. घडवंचीवरच्या माठातलं पाणी प्यायला होता. शेगडीवर वाकून काडेपेटी घेतली होती. ज्या वासाने गल्लीच्या टोकावरून परकं माणूस धावत आलं असतं, त्या वासात नाक बुडवून तो उभा होता. डिसेंबरात आठ दिवस ताप आला होता. ताप उतरला आणि जाताना नाक घेऊन गेला. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. धनीला नाही, मायला नाही. डेअरीत तर नाहीच, कारण डेअरीत तो नाकाचीच भाकर खात होता.

घरातली हवा मोकळी झाल्यावर धनीने त्याला आत बोलावलं. दगडीबाईलाही. दगडीबाई, म्हणजे गेंदाची माय, रोजच्यासारखी गल्लीच्या तोंडाशी निंबाखाली मगन इस्त्रीवाल्याच्या हातगाडीजवळ बसली होती. दुपारी भिंतींच्या आत तिला पडवत नसे. ती पदर सावरत आली. धनीने बोटाने दाखवलं. शेगडीच्या उजव्या बर्नरवर राखेची एक गोल, नीट चेपलेली ढिगोळी होती. वर चार बोटांचे ठसे. बटण थोडंसं चालूच होतं.

‘हे काय आहे, आई?’

दगडीबाईने ढिगोळीकडे पाहिलं, धनीकडे पाहिलं. ‘इस्तो निजाडेल शे,’ ती म्हणाली.

घरात माय-लेक जी बोली बोलत ती कॉलनीत कुणाला कळत नसे, म्हणून धनीनेच बाजारातली अहिराणी घरात सुरू केली होती. विस्तव निजवून ठेवला आहे, एवढंच दगडीबाईने सांगितलं. साजपाण्याच्या प्रत्येक घरात हे रोज होतं. सकाळचा स्वयंपाक झाला की निखारे चुलीच्या पोटात सारतात, वरून राख घालतात, चार बोटांनी थापतात. आत विस्तव झोपतो. संध्याकाळी राख बाजूला केली, एक फुंकर घातली, की तो डोळे उघडतो. काडेपेटीची गरज पडत नाही. ज्या बाईच्या चुलीत विस्तव सापडत नाही तिला शेजारी जाऊन मागावा लागतो, आणि शेजारीण देते, पण देताना हसते. दगडीबाईवर अशी पाळी आयुष्यात आली नव्हती. इथे पंधरा दिवस तिने बटण बरोबर फिरवलं होतं. आज मात्र तिने पाहिलं की लेक झोपला आहे, उठल्यावर चहा मागेल, काड्या पेटीत चारच आहेत. तिने ज्योत बारीक केली. भांडी घासायला मगनकडून आणलेली कोळशाची राख होती, ती घातली. थापली. आणि निंबाखाली जाऊन बसली.

‘तू उठशी तव्हय इस्तो तयार पाहिजे म्हनीसन,’ ती गेंदाला म्हणाली. मग जरा थांबून, ‘माले काय मालूम, बिनधूरना इस्तो निजस का नै ते.’

धनी ओरडली नाही. ओरडली असती तर सोपं झालं असतं. ती राखेकडे पाहत म्हणाली, ‘पोर धुळ्याला मावशीकडे गेलीय म्हणून. नाहीतर रोज दुपारी इथंच लोळते फरशीवर. लाइट आली असती मध्येच, कूलर सुरू झाला असता... तुम्ही काडी ओढली असती.’ ‘अहो’ परत आलं होतं. ‘मी दिवसभर बाहेर असते. मला आता त्या मशीनवर बसून शिवण दिसणार नाही, हे घर दिसेल. आईंना साजपाण्याला पोचवून या. आज सहाची चोपडा गाडी आहे.’

दगडीबाईने मान हलवली. ‘सून खरं बोली ऱ्हायनी. मी जास.’

आणि ती आपलं लुगडं घडी घालायला बसली, जणू कुणी तिला जेवायला उठ म्हणावं आणि तिने उठावं. गेंदा भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला ठाऊक होतं की आपण ‘झोप लागली होती’ म्हटलं तेव्हाच मायला गाडीत बसवलं. माय आली होती ती खोकल्याने. गेल्या माघात वनाने, साजपाण्याच्या शेजाऱ्याने, निरोप धाडला होता की दगडीबाई सकाळी खोकायला लागली की बकऱ्या सोडायची वेळ होईपर्यंत खोकतच असते. सिव्हिलच्या डॉक्टरने आरसा लावावा तसा छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाला, हिने किती वर्षं धूर ओढलाय? गेंदाने हिशेब सांगितला नाही, सांगण्यासारखा नव्हता. ती चालायला लागली तेव्हापासून चुलीपुढे होती. डॉक्टर म्हणाला, औषध मी देतो, पण धूर बंद. चुलीपुढे बसायचं नाही. बसली तर माझ्याकडे आणू नका. आणि खरंच, पंधरा दिवसांत खोकला निम्म्याने उतरला होता. त्या निळ्या ज्योतीचा गेंदा मनोमन इतका ऋणी होता की सकाळी चहा टाकताना तो तिच्याकडे देवाकडे पाहावं तसा पाहायचा. साजपाण्याला परत म्हणजे परत चूल. तिथे तिच्यासाठी दुसरं कोण रांधणार होतं? बाप गेलेला. बहिणी सासरी. एकटी बाई आणि ओलं लाकूड.

गंमत अशी की ज्याला रान आठवतं तो गेंदा. मायला नाही. तो डेअरीत जेवणाच्या सुट्टीत रानाचं इतकं काही सांगायचा की भिकन, जो त्याच्या शेजारी उभा राहून कॅन ओतायचा, म्हणायचा, ‘भाऊ, इतलं ग्वाड व्हतं तं इकडे काब्र वना?’ इतकं गोड होतं तर आलास कशाला? आणि माय आली ती पहिल्या सकाळी नळासमोर उकिडवी बसली. नळ सुटला. तिने हात धुतले, तोंड धुतलं, मग नळाला हात जोडले. ‘हाई पानी कथाईन येस रे?’ तिने विचारलं. गेंदाने नदी, टाकी, पाइप सगळं सांगितलं. ‘आनि डोकावर कोन लयेस?’ ‘कुणीच नाही.’ तिने पुन्हा हात जोडले. कूलरपुढे ती पोरीबरोबर तोंड उघडं ठेवून बसायची, वारा गिळायची. एकदा गेंदा म्हणाला, माय, रान आठवत नाही का गं? तर म्हणाली, ‘रानमा काय शे? लाकडं शेतस. आनि मन्हं डोकं शे.’ धनी स्वयंपाकघरातून हसली होती. त्या दिवशी सासू-सुनेचं चांगलं जमलं होतं. दोघींनी मिळून त्याला दिवसभर रानचा राजा म्हणून घेतलं.

पण ते नाक तिनेच दिलं होतं. चैत्रात मोहफुलं वेचायला पहाटे जायचं तेव्हा तो पाच वर्षांचा असेल, अंधार असायचा, झाडाखाली फुलं पडलीत की नाही दिसायचं नाही. ती त्याला उभा करायची, मान मागे दाबायची, म्हणायची, ओढ. तो ओढायचा. कुठल्या बाजूने गोड आलं? तो बोट दाखवायचा. चुकला तर ती त्या बाजूला नेऊनच दाखवायची, इथं बघ, काही नाही, पुन्हा ओढ. बरोबर आला तर टोपली त्याच्या डोक्यावर. त्याला वाटे ही शिक्षा आहे. मग साग फुलल्याचा वास, वारुळाचा वास, माणूस येऊन गेल्याचा, पाऊस पलीकडच्या डोंगरावर असल्याचा. शेणाच्या वासावरून गाय काय खाऊन आली. तापलेल्या माणसाच्या कपाळाला हात न लावता ताप. तिने त्याला कुठलीच गोष्ट नाव घेऊन शिकवली नव्हती. नुसतं ओढ म्हणायची. शाळेत तो नापास होत होता आणि रानात पहिला येत होता, आणि रानातल्या पहिल्या नंबराचं कुठे प्रमाणपत्र मिळत नाही हे कळेपर्यंत तो वीस वर्षांचा झाला होता. जळगावला डेअरीत तो कॅन उचलायला लागला. तिसऱ्या दिवशी एका कॅनजवळून जाताना त्याच्या तोंडून गेलं, ह्या म्हशीने कांद्याची पात खाल्लीय. सगळे हसले. कॅन उतरवायच्या डॉकचे सुपरवायझर देवचंदनाना हसले नाहीत. त्यांनी त्याला दहा कॅन उघडायला लावले. दहाव्याला तो म्हणाला, हे आता चांगलं आहे, तासाभराने आंबेल. तासाभराने आंबलं. दुसऱ्या दिवसापासून गेंदा झाकणावर उभा राहिला. कॅन सरकत यायचा, झाकण उचलायचं, वाकायचं, ओढायचं, बोलायचं. पास. पास. आंबट. पास. तेरा वर्षं. रानातलं वारं शहराच्या कामाला आलं, आणि त्याच वाऱ्यावर दोन खोल्या झाल्या, नळ झाला, कूलर झाला, गॅस झाला. हे त्याला सायकलवर असताना कधीकधी एकदम जाणवे आणि तो नुसताच पायडल मारत हसायचा.

ताप उतरल्यावर तो कामावर गेला. पहिलं झाकण उचललं. खाली पांढरं दूध, दूध हललं, त्याचा चेहरा दुधात हलला, आणि बस. आवाज बंद केलेल्या सिनेमासारखं. तो म्हणाला, पास. दुसरं झाकण. पास. तिसऱ्याला त्याच्या कानामागून घाम उतरला. तेवढ्यात भिकनने पलीकडून नाक ओढलं, सर्दीचं ओढतात तसं, आणि कपाळाला आठी घातली. गेंदा म्हणाला, आंबट. बाजूला काढलेल्या त्या कॅनमधलं दूध उकळून पाहिलं तर फाटलं. त्या दिवसापासून गेंदा झाकण उचलायचा, वाकायचा, आणि डोळ्यांच्या कडेने भिकनकडे पाहायचा. भिकनची सर्दी काही जात नव्हती, आणि ती सर्दी राहो म्हणून गेंदा मनात नवस बोलायचा. (भिकनला सर्दी नव्हती. तिसऱ्याच कॅनला त्याच्या लक्षात आलं होतं, आणि तेव्हापासून तो प्रत्येक कॅनवर आधी स्वतः वास घेत होता. हे त्याने गेंदाला पुढे कधीतरी सांगितलं, तंबाखू मळता मळता. ‘बोलना नै तू, मंग मी बी नै बोलना.’ पण त्या मे महिन्यात गेंदाला हे ठाऊक नव्हतं. त्याला वाटत होतं की आपण एका माणसाच्या सर्दीवर उभे आहोत.)

मार्चमध्ये वनाने कुणाच्या तरी हाती मोहफुलांची पुरचुंडी पाठवली होती. गेंदाने ती दार लावून सोडली, त्यात तोंड घातलं, आणि पाच वर्षांच्या पोराने ओढावं तसं ओढलं. गालाला फुलांचा ओलसर मऊपणा लागला. चिकटपणा लागला. बोटांना कळत होतं की हा मोह आहे. डोळ्यांना कळत होतं. मग तो बराच वेळ तिथेच बसून एकेक वास आठवत बसला, आणि आठवता आठवता त्याला कळलं की वास आठवत नाही, वासाचं नाव आठवतं. साग. वारूळ. ओलं गोणपाट. नावांची रिकामी डबडी ओळीने मांडलेली. रडू आलं नाही. त्याला वाटलं, तेहतीस वर्षं मिळालं हेच पुष्कळ झालं, काहींना तर... आणि तो विचारही त्याला पुरा करता आला नाही, कारण बाहेरून धनी म्हणाली, काय करताय हो दार लावून, मोहाची काढताय की काय.

पाच वाजले. माय निघायच्या तयारीत होती. बोचकं बांधून दाराशी ठेवलं होतं. पण ती बाहेर न जाता स्वयंपाकघरात गेली, खाली बसली, शेगडी ओट्यावरून उतरवून मांडीजवळ घेतली. फडक्याने राख टिपली. मग झाडूची एक काडी मोडली आणि बर्नरच्या एकेका भोकातली राख काढू लागली. भोकं पुष्कळ होती. ती प्रत्येकाशी काडी नेई, फिरवी, काडी पदराला पुसे, पुढच्या भोकाशी नेई. मध्ये खोकला आला तर काडी बाजूला धरून तोंड फिरवून खोके, म्हणजे शेगडीवर थुंकी उडू नये. धनी दाराला टेकून ते बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रागाच्या खाली जे असतं ते होतं, आणि ते बघवत नव्हतं.

‘माले एक सांग,’ माय मान वर न करता गेंदाला म्हणाली. ‘मी गऊ म्हनजे सून चूल करशी का परत?’

‘नाही. गॅसच राहील.’

‘मंग चांगलं. हाऊ चांगला शे. याले सोडू नका. चूक मन्ही शे, याची नै.’

गेंदा ऐकत होता. ज्या वस्तूने तिला घराबाहेर काढलं तिची ती बाजू घेत होती, आणि ज्याने काढलं तो भिंतीला पाठ लावून गप्प उभा होता. त्याला एकदम वाटलं की या खोलीत तीन माणसं आहेत आणि त्यातलं एकच खोटं आहे. शब्द त्याने जुळवले नाहीत. 

‘मला वास आला नाही,’ तो म्हणाला.

धनीने त्याच्याकडे पाहिलं. ‘झोपला होतात ना तुम्ही.’

‘उठलो होतो. पाणी प्यालो. शेगडीवर वाकलो. मला नाही आला. मला डिसेंबरपासून कशाचाच वास येत नाही. तापापासून.’ मायच्या हातातली काडी थांबली होती. ‘तिने राख टाकली ही तिची चूक. पण उंबऱ्याशी पडून मला कळलं नाही ही तिची नाही. नाक असतं तर मी तेव्हाच उठून बटण बंद केलं असतं, तिला दोन शब्द बोललो असतो, आणि संध्याकाळपर्यंत आपण हसलो असतो.’

कूलर सुरू झाला. लाइट आली होती. तिघंही दचकले, आणि तिघांनीही एकदम खिडक्यांकडे पाहिलं. खिडक्या उघड्याच होत्या. वाळ्यावर पाणी झिरपू लागलं असेल, आणि त्याचा जो वास या दोघींना येत असेल तो गेंदाला त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

‘मोहाचा नाही?’ धनीने विचारलं.

‘नाही.’

‘दुधाचा?’

गेंदाने नुसती नाहीची मान हलवली. धनीच्या डोळ्यांत डेअरी, डॉक, झाकण, तेरा वर्षं, सगळं एकामागून एक येऊन गेलं. मग ती जवळ आली. सासू समोर बसली आहे हे विसरून म्हणाली, अगदी हळू, ‘आणि माझा?’

‘तुझा पण नाही,’ गेंदा म्हणाला.

ती तिथेच खाली बसली. खांद्यावरचा पदर तिने नाकाशी नेला, स्वतःच हुंगून पाहिला, जणू त्याच्याकडे नसलेली वस्तू निदान आपल्याकडे आहे ना याची खात्री करावी. ‘पाच महिने,’ ती म्हणाली. ‘पाच महिने शेजारी झोपतोयस आणि सांगितलं नाहीस.’

दगडीबाई उठली. तिने शेगडी उचलून ओट्यावर ठेवली, नळी सरळ केली. लेकाजवळ आली, त्याची हनुवटी धरली, तोंड खिडकीच्या उजेडाकडे फिरवलं आणि दोन्ही नाकपुड्यांत वाकून पाहिलं, मडक्यात काही उरलंय का पाहावं तसं. मग हनुवटी सोडली.

‘मंग मी कशी जाऊ?’ ती धनीला म्हणाली. ‘तू दिनभर भाईर. हाऊ असा. या घरमा नाक कोन शे मंग?’

धनीला हसू आलं. ते तिला नको होतं, पण आलं, डोळ्यांतल्या पाण्यासकट. ‘राहा,’ ती म्हणाली. ‘पण त्या बटणाला हात लावायचा नाही, सांगून ठेवते.’

‘बटनले हात नै लावत. नाक लावस.’

‘आणि राख घरात आणायची नाही.’

‘मंग भांडा कसावरी घासू?’

‘पावडर आहे.’

‘तुन्ही पावडर,’ दगडीबाई म्हणाली, आणि बोचकं सोडायला बसली.

सहाची चोपडा गाडी गेली असेल. पिंप्राळ्यात तिचा आवाज येत नाही. गेंदा बाहेरच्या ओट्यावर बसला होता आणि आत त्या दोघी पावडर आणि राख यांवर तावातावाने बोलत होत्या. त्याला कुणाकुणाचे आभार मानावेत हे ठरवता येत नव्हतं. गेलेल्या लाइटचे मानावेत, की शिवणाच्या दुकानातून लवकर सुटलेल्या धनीचे, की काडेपेटीत उलट्या घातलेल्या त्या एका काडीचे. टाकी भरताना कुणीतरी त्या गॅसात मुद्दाम वास घालतं, हे डेअरीतल्या बॉयलरवाल्याने त्याला एकदा सांगितलं होतं; मुळात त्या वायूला वास नसतो. म्हणजे कुठेतरी दूर, कुठल्या तरी कारखान्यात, एका माणसाला वाटलं होतं की लोकांना कळलं पाहिजे. मायने पहाटेच्या अंधारात मान दाबून ‘ओढ’ म्हणावं, तसंच ते. त्या माणसाचं नाव त्याला कळणार नव्हतं. निंबाची पानं हलली. वारा कुठून आला हे त्याला गालावर कळलं, आणि तेवढंही पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो डॉकवर गेला, पण झाकणावर उभा राहिला नाही. सरळ देवचंदनानांच्या टेबलाशी गेला. नानांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘हे दूध किती पोरांच्या पोटात जातं, माहिती आहे ना तुला?’

‘हो, नाना.’

‘आणि पाच महिने उभा राहिलास.’

‘हो.’

नाना खिडकीतून डॉककडे बघत राहिले. तिथे पहिला ट्रक लागला होता, कॅन उतरत होते, भिकन इकडेतिकडे बघत गेंदाला शोधत होता. ‘भिकनला झाकणावर उभा कर,’ नाना म्हणाले. ‘जाताना त्याला शिकव. कसं वाकायचं, किती ओढायचं. तू धुलाईत जा. वाफेवर कॅन धुवायचे. तिथं नाक लागत नाही, हात लागतात. पुढचं मी वर बोलतो. काय होईल ते सांगता येत नाही.’

‘नाना,’ गेंदा म्हणाला.

‘जा आता. दूध थांबत नाही.’

तो डॉकवर आला. भिकनला त्याने झाकणापुढे उभं केलं, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि मान हलकीच खाली दाबली. कॅन सरकत आला. गेंदाने झाकण उचललं.

‘ओढ,’ तो म्हणाला.

पुढे, १९९१ च्या श्रावणात, पार्वताबाईंच्या घरात गळणारा गॅस दगडीबाईने अंगणातून ओळखला. त्या वेळी त्या घरात पाच माणसं झोपली होती. पाचही उठून बाहेर आली.